पाणी न पिणारी गाडी नेवाशाला सोडून आलो

नेवाशाला लोक देवळातल्या खांबाचं दर्शन घ्यायला जातात. मी गेलो तो एका माणसाचा हेवा करत करत, तोही थेट पुण्यापासून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वर्णनात कुठे आंबट वास आला तर वाचकांनी तो त्या प्रदेशाच्या माथी मारू नये. वास माझाच आहे.

तो माणूस म्हणजे दिलीप. इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चार वर्षं काढली. आमच्या दोन खाटांच्या मधल्या भिंतीवर एका जर्मन गाडीचं चित्र होतं. बसकी, गोल पाठीची, दोन दारांची, इंजिन मागे. तिला रेडिएटर नव्हता. इंजिन थंड व्हायचं ते पंख्याच्या हवेवर आणि तेलावर. पाण्याचा संबंधच नाही. या एका गोष्टीवर आम्ही दोघं इतके लट्टू होतो की परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा तिच्यावरून वाद घालायचो. मी तर पुढे जाऊन कॅम्पातल्या एका दुकानातून तिच्या किल्लीसाठी चामड्याचा पट्टा विकत आणला होता. गाडी नव्हती, किल्ली नव्हती, पट्टा होता.

पुढे मी पॉलिटेक्निकात शिकवायला लागलो आणि स्कूटर घेतली. तिचंही इंजिन हवेवरच थंड व्हायचं, असं मी मनाची समजूत घालत सांगायचो. दिलीपनं कारखाना काढला आणि पिंपरीहून मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी इंजिनिअरकडून ती गाडी घेतली. अगदी तीच, चित्रातली, लाल. ज्या दिवशी ती कोथरूडला आमच्या गल्लीत आली त्या दिवशी मी कपाटातून पट्टा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. दिलीपचे डोळे पाणावले. त्याला ते माझं मोठं मन वाटलं. खरं म्हणजे तो पट्टा कपाटात दिसत राहिला असता तर मला झोप लागली नसती.

बावीस वर्षं झाली त्याला. दर रविवारी सकाळी समोरच्या इमारतीत तो गाडी चालू करायचा आणि मी बाल्कनीत चहाचा कप घेऊन जळत उभा राहायचो. त्यानं मला शेजारी बसवून लोणावळ्याला नेलं, साताऱ्याला नेलं. पण "घे, चालव" असं एकदाही म्हणाला नाही. मीही मागितली नाही. मागायची गोष्ट आहे का ती?

एव्हाना ती गाडी एका संपलेल्या काळाची झाली आहे. कंपनीनं हवेवर थंड होणारं इंजिन सोडून केव्हाच पाण्याचं घेतलं. आता तर बॅटरीवरच्याही निघाल्या. त्यात दिलीपच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि त्या गाडीचा क्लच दाबणं म्हणजे उखळात कांडणं. म्हणून त्यानं ती विकली. घेणारी बाई नगरची होती, पण गाडी नेवाशाला पोचवायची होती.

"शेवटची फेरी आहे, अन्या. येतोस?" त्यानं विचारलं.

त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. पावणेदोनशे किलोमीटर होते. एवढ्यात कुठेतरी तो म्हणेलच, घे, चालव.

पुणे ते सावेडी

शिरूरपर्यंत तो म्हणाला नाही. शिरूरला आम्ही थांबलो, कारण या गाडीचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवरच बघायचं असतं. सपाट जागा शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. दिलीपनं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मला फडकं धरायला दिलं. बावीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं हे सगळ्यांत मोठं काम होतं.

सुप्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसा त्यानं पाय दाबला. मागून तो आवाज आला आणि दोन्हीकडची ज्वारीची शेतं मागे पळायला लागली. जानेवारीचं ऊन, कणसं भरलेली, कुठे कुठे हुरड्याच्या पाट्या. मी पाट्या वाचत होतो, पण नजर सारखी डॅशबोर्डकडे जायची. या गाडीची किल्ली स्टिअरिंगच्या बाहेरच्या बाजूला, दाराकडे लागते. तिथे माझा पट्टा लोंबत होता. चांगला मुरलेला, काळपट, त्याच्या हातानं गुळगुळीत झालेला.

नगर आलं. रस्त्यावरच्या पाट्या अहिल्यानगर म्हणतात, समोरच्या एसटीचा कंडक्टर नगर म्हणतो, आणि कुणाचंही काही अडत नाही. सावेडीत गाडी घेणाऱ्या बाईंकडे आमचा मुक्काम होता. संगीता साळवे. वय पंचेचाळीसच्या आसपास, एमआयडीसीत स्वतःचा मशिनचा कारखाना, फ्लॅटच्या खाली स्कूटर. दाराशी तिनं "जय भीम" म्हणत स्वागत केलं आणि पहिला प्रश्न गाडीचा नाही, तर दिलीपच्या गुडघ्याचा विचारला. हिला नावं ठेवायची असा पक्का विचार करून मी आलो होतो, त्यामुळे जरा पंचाईत झाली.

ओळख जुनी होती. सात-आठ वर्षांपूर्वी गाडीच्या इंजिनातले, सिलिंडर आवळून धरणारे दोन लांब स्टड तुटले. हवेवरच्या या इंजिनाचं ते जुनं दुखणं. जर्मनीहून मागवले तर चार महिने लागणार होते. कुणीतरी दिलीपला हिच्याकडे पाठवलं. हिनं तुटलेला स्टड बघितला, मोजला आणि लेथवर नवे करून दिले. अजून तेच आहेत.

"बसवल्यावर सरांनी चालू केली ना," संगीता भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तेव्हाच मी म्हनलं, सर, कधी द्यायची झाली तर दुसऱ्याला देऊ नका."

म्हणजे हिनं मागितली. सरळ तोंडानं मागितली. माझ्या घशात घास अडकला. त्याला थोडं कारण जेवणाचंही होतं. काळ्या मसाल्याचं वांगं, बाजरीची भाकरी आणि ठेचा. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडल्याशिवाय ती आमटी होत नाही. सावेडीत गूळ मिळाला तो जेवणानंतर, वाटीत, माझे डोळे पाहून संगीतानं आणून दिलेला. दिलीप मात्र तिसरी भाकरी मागत होता. त्याला तिखटही सोसतं.

"गाडी नेवाशालाच का?" मी विचारलं.

"आबा हायेत तिथं. माझे वडील. घोडेगावच्या बाजारात त्यांनी जन्म काढला. लोकांची जनावरं पायी पोचवायचे, पार पैठनपर्यंत. मी घेतलेली गाडी त्यांच्या दारात पयली उभी राहायला पायजे."

मी गूळ खाल्ला.

घोडेगाव

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे आणि संगीता तिच्या कारखान्याचा टेम्पो घेऊन मागे, असे निघालो. घोडेगाव येईपर्यंत दिलीप दोनदा म्हणाला, "गुडघा बोलतोय रे." मी म्हणालो, "हं." त्यानं पुढचं वाक्य म्हणावं म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

घोडेगावला बाजाराचा दिवस निघाला. मी पुण्यात गाड्यांची गर्दी पाहिली आहे, पण म्हशींच्या गर्दीला हॉर्न लागू पडत नाही. शिंगं तासून तेल लावलेल्या, अंग धुऊन चकचकीत केलेल्या म्हशी रस्ता अडवून उभ्या. मध्ये टेम्पो, मध्ये गायी, मध्ये आम्ही. एका म्हशीनं दिलीपच्या दारावर कुल्ला टेकवला आणि सावकाश खाजवून घेतलं. कुणी आमच्याकडे बघायला थांबलं नाही, कारण त्या दिवशी तिथे आमच्यापेक्षा चांगला माल होता. दिलीपचा चेहरा पडला. मला बरं वाटलं.

अर्ध्या तासात तेलाच्या तापमानाचा काटा वर चढला. दिलीपनं कशीबशी गाडी बाजूला, एका चहाच्या टपरीजवळच्या लिंबाखाली घेतली, मागचं झाकण उघडून ठेवलं आणि लंगडत टपरीमागच्या बाकावर जाऊन गुडघा चोळत बसला. मी गाडीपाशी राहिलो.

टपरीवाला बादली घेऊन धावत आला. भला माणूस. "सायेब, तापली जनू. पानी घालू." आणि मी काही बोलायच्या आत त्यानं खिडकीतून हात घालून खटका ओढला आणि पुढचं झाकण उघडलं. आत नुसतं सुटं चाक.

"आरं! हितं तर इंजिनच न्हाई!"

चार माणसं जमली, हसली. एकानं मागचं उघडं झाकण दाखवलं. टपरीवाला बादली घेऊन मागे गेला, आत वाकला, पाणी कुठून घालायचं ते त्याला दिसेना. पंखा दिसला, तापलेल्या लोखंडाचा वास आला. अशा वेळी माणूस जे करेल तेच त्यानं केलं. बादली उचलली, सगळी वरून ओतायला.

मी यंत्रशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलंय. तापलेल्या सिलिंडरवर गार पाणी पडलं तर काय होतं, हे मला झोपेतही सांगता येईल. आणि मी गप्प राहिलो.

एक क्षण. फार तर दोन. त्या वेळात माझ्या मनात स्पष्ट, मराठीत, हे वाक्य उमटलं की आता ती कुणालाच मिळणार नाही. दिलीपला नाही, संगीताला नाही, मला तर नाहीच. आणि मला ते आवडलं. इतकं आवडलं की त्याची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात.

"ओ भाऊ! थांबा! ओतू नका!" संगीता टेम्पोतून उडी मारून ओरडत आली आणि तिनं बादलीचा कान धरला. थोडं पाणी तिच्या साडीवर सांडलं, एक थेंबही इंजिनावर नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी अगदी जवळ उभा होतो, हात लांबवला असता तरी पुरला असता.

"हिला पानी लागतच न्हाई," ती टपरीवाल्याला म्हणाली.

"अजिबात?"

"थेंबभर न्हाई. हवेवर गार हुती."

त्यानं बादलीकडे पाहिलं, मग गाडीकडे. "मग ही आपल्याच भागासाठी बनवलेली दिसती. उन्हाळ्यात टँकर यायची वाट बगायला नको." आणि ती बादली त्यानं शेजारच्या म्हशीपुढे ठेवली. म्हशीनं ती एका दमात संपवली.

दिलीपनं यातलं काही पाहिलं नव्हतं. इंजिन गार झाल्यावर तो आला आणि झाकण लावलं. त्यानं किल्ली हातात घेतली, पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, आणि म्हणाला, "अन्या, गुडघा भरून आलाय. इथून पुढे तू घेतोस?"

बावीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी कान देऊन बसलो होतो ते वाक्य घोडेगावात, लिंबाखाली, शेणाच्या वासात आलं. आणि मी म्हणालो, "नको."

"नको?"

"मला काय करायचंय चालवून. तूच चालव."

त्या बादलीनंतर मला त्याच्याकडून काही घेता येईना. दिलीपला मात्र मी रुसलोय असं वाटलं असावं. तो मुकाट्यानं आत बसला. नेवाशापर्यंत प्रत्येक वेळी क्लच दाबताना तो ओठ चावायचा, आणि मी त्याच्या शेजारी बसून दोन गोष्टींसाठी स्वतःला शिव्या घालत होतो. गप्प राहिलो म्हणून, आणि नको म्हणालो म्हणूनही.

नेवासा

संगीताचे आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, काटक, डोक्याला पांढरं मुंडासं. मागे ओसरीत कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, पुढे झेंडूची दोन फुलं. गाडी दारात उभी राहिली तसे ते उठले आणि तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. जनावर बघतात तशी, मागून सुरुवात करून. टपावर हात फिरवला. वाकून चाकं पाहिली.

"बसकी हाय. पर घट हाय," ते म्हणाले. "चारापानी?"

"चारा लई. पानी न्हाई," संगीता हसत म्हणाली.

सगळ्यांना चहा झाला. दिलीपनं कागद दिले, किल्ली पुढे केली. संगीतानं हात पुढे केला तेवढ्यात आबांनी तिचा हात मागे सारला.

"तसं न्हाई. दावं सोडा आदी."

दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी, पण गाडीला कसलं दावं ते दिलीपला कळेना. आबांनी किल्लीच्या पट्ट्याकडे बोट केलं. "जनावर इकलं तरी इकनारा दावं देत न्हाई. दावं गेलं की त्याची दावन मोकळी हुती. दावं त्यानं घरी न्यायाचं. घेनाऱ्यानं आपलं आनायचं." आणि मग, जरा ताठ होत, "बाजारात ह्येच माझं काम हुतं. येकाचं सोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं."

संगीताला हे ठाऊक असणारच, कारण तिनं पर्समधून पितळेची एक जाड कडी काढली. स्वतःच्या लेथवर केलेली.

दिलीप पट्टा सोडवायला लागला. त्या पट्ट्याच्या आकड्याला एक खोच आहे, आधी दाबून मग फिरवावा लागतो. ती दिलीपला माहीत नव्हती. बावीस वर्षांत त्यानं तो कधी काढलाच नव्हता. मला माहीत होती, कारण वसतिगृहात मी त्याची रिकामपणी शंभर वेळा उघडझाप केली होती.

"दे इकडे," मी म्हणालो. दाबला, फिरवला, सुटला. पट्टा दिलीपच्या हातात ठेवला आणि किल्ली आबांच्या. पट्टा माझा होता, हे त्या घरात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आबांनी किल्ली कडीत अडकवली आणि लेकीच्या हातात दिली. तिनं ती कपाळाला लावली. मग माझ्याकडे वळली.

"काका, पुलापर्यंत एक चक्कर मारून आना."

"मी?"

"तिथं बादलीजवळ तुमचं तोंड बगितलं मी." ती इतक्या हळू बोलली की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. "असं नको राहायला. जावा."

आता गाडी दिलीपची नव्हती. नको म्हणायला कारण उरलं नव्हतं, आणि त्या बाईसमोर खोटं बोलायची माझी छातीही नव्हती.

बसलो. दोनदा बंद पाडली. या गाडीची पेडलं वरून लोंबत नाहीत, खालून जमिनीतून उगवतात, हे शेजारी बसून मी हजारदा पाहिलं होतं, पण पायाला ते ठाऊक नव्हतं. शेजारपाजारचे हसले. तिसऱ्यांदा निघालो. प्रवरेच्या पुलापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. कसं वाटलं ते नीट सांगता येत नाही. एवढंच सांगतो की दुसऱ्या गियरमध्ये मला रडू आलं, आणि तिसरा मी टाकलाच नाही, लवकर संपेल म्हणून.

परत येताना दिलीप दिसला. दारासमोर रस्त्याच्या कडेला एकटाच उभा होता, हातात पट्टा, मान जरा तिरकी. तो चेहरा मी ओळखला. दर रविवारी सकाळी, चहाच्या कपावर, तो माझा असायचा.

परतीची बस

एसटीत दोघांना शेजारची जागा मिळाली. नगर सुटेपर्यंत दिलीप पट्टा बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता. पट्टा परत मागायचा, असं मी नेवासा फाट्यावरच ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं.

"अन्या," तो एकदम म्हणाला, "मी ती बाहेरून कधी ऐकलीच नव्हती रे."

"म्हणजे?"

"चालवताना मी कायम आत. इंजिन मागे. आत नुसती घरघर येते. आज तू पुलाकडून आलास तेव्हा पहिल्यांदा ऐकली, येताना, जाताना. केवढी सुरेख वाजते." तो थांबला. "तू बाल्कनीतून हे दर रविवारी ऐकत होतास?"

"हो."

"बावीस वर्षं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं ते ओळखायला मला वेळ लागला नाही. त्या विषयात माझा हात धरणारा कुणी नाही.

मग मी त्याला सांगितलं. चालू करताना ती आधी कोरडी खोकते. मग शिलाई मशिनसारखी टिकटिकते. थंडीत ती टिकटिक जास्त वेळ चालते. गल्लीच्या कोपऱ्यावर तो गियर बदलायचा तेव्हा एक क्षण सगळं थांबायचं, आणि मग मुख्य रस्त्यावर गेली की कुणीतरी लांबच लांब कापड फाडत न्यावं तसा आवाज, तो मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू यायचा, वारा असला तर त्याच्याही पुढे. तो मध्ये मध्ये "पुन्हा सांग" म्हणायचा. सुपं येईपर्यंत मी सांगत होतो.

बादलीचं मात्र सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदाच लिहितोय. तो वाचेल तेव्हा वाचेल.

शिरूरच्या आसपास त्याला झोप लागली. पट्टा त्याच्या सैल मुठीत होता, नुसता ओढला असता तरी आला असता. मी ओढला नाही. पण माझा हेवा संपला असं कुणी समजू नये. खिडकीची जागा त्यालाच मिळाली होती.